तास उलटला की दिवे बंद

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या सगळ्या भाचरांत जिची जीभ सर्वांत लांब, तिचा तुला वाकून नमस्कार, आणि आतोबांना त्याहून थोडं जास्त वाकून, कारण हे पत्र तुला तेच वाचून दाखवणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला वाचायला बंदी केली आहे, हे आईकडून कळलं. तू ती बंदी पाळत नाहीस, हेही आईकडूनच कळलं. तेव्हा आतोबा, पत्र तुमच्याच हातात ठेवा आणि ताजा कलम सुरू होण्याआधी तिला हात असलेल्या खुर्चीत बसवा. बाकी प्रकृती कशी आहे, आत्या? रीत म्हणून विचारत नाही. जेवण जातं ना? जिना चढताना दम लागत नाही ना? तू ठणठणीत असशील तर आनंदच आहे, फक्त तसं कुणा परक्या माणसासमोर सध्या बोलू नकोस. का, ते पुढे येईल. आधी इतिहास.

कॉलेजात मी वादविवादाच्या ढाली जिंकून आणायचे तेव्हा तू त्या ढालींकडे बघून म्हणाली होतीस, "यात काही शिजवता येतं का?" आणि मला प्रोग्रामिंग शिकायला बसवलंस. शिकले. तुझ्याच जुन्या कंपनीत लागले. पण आत्या, मागच्या आठवड्यात या कंपनीत एका माणसाची नोकरी वाचली, ती प्रोग्रामिंगने नाही, भाषणाने वाचली, आणि ते भाषण माझं होतं. (थोडा हात तुझाही होता. तुला विचारून नव्हे.)

प्रोग्राम अजून तोच आहे ग, इमारतींचे दिवे, दारं आणि पंखे सांभाळणारा. तुझ्या वेळी तो एका इमारतीत चालायचा, आता कुठे कुठे चालतो ते आम्हालाही नीट माहीत नाही. नुकताच तो एका बड्या संस्थेने घेतला. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांच्या नव्या सभागृहात सगळ्या नोकरवर्गाला बसवून संस्थेच्या भवितव्यावर भाषण सुरू केलं. माणूस बोलणारा आहे, हे मी जाणकार म्हणून सांगते. भवितव्य कसं उजळून निघणार आहे या मुद्द्यावर ते आले आणि सभागृहातले सगळे दिवे एका दमात गेले. मला आदर वाटला तो पुढचं ऐकून. अंधारातसुद्धा त्यांनी वाक्य सोडलं नाही. बोलत बोलत एक पाऊल पुढे टाकलं. तिथे व्यासपीठ संपलेलं होतं. हाड मोडलं नाही, कारण पहिल्या रांगेत उपाध्यक्ष बसले होते आणि अध्यक्ष त्यांच्या मांडीवर उतरले. मागच्या लोकांना वाटलं भाषण संपलं, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अध्यक्षांना सर्वांत जास्त लागल्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा आमच्या साहेबांना निरोप आला की हा उद्योग ज्याने केला तो माणूस आम्हाला समोर हवा. साहेबांनी प्रोग्राम उघडायला लावला. आत खोल कुठेतरी एक ओळ सापडली: कुठल्याही सभेच्या खोलीत माणसं तासाहून जास्त वेळ बसलेली दिसली, तर तिथले दिवे बंद करायचे. बिघाड नव्हता. कुणीतरी शांतपणे, विचार करून, उत्तम प्रोग्रामिंग करून हे लिहिलेलं होतं. आता प्रश्न एवढाच की कुणी?

(आतोबा, तुमच्यासाठी इथे थांबते. आम्ही प्रोग्रामात जो काही बदल करतो, तो कुणी केला, केव्हा केला आणि का केला, याची नोंद एक यंत्रणा ठेवते. त्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात, आणि सगळ्या नोंदींसकट प्रोग्राम जिथे राहतो त्याला रेपो. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ती कुणी लिहिली हे विचारायची एक आज्ञा असते. तिचं नावच ब्लेम, म्हणजे ठपका. तुमच्या घरात अशी सोय असती, तर मागच्या वर्षी गच्चीवरचा नळ उघडा कुणी ठेवला हा वाद आजपर्यंत चालू नसता.)

ब्लेमने नाव सांगितलं हमालाचं. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दिवसभरात बोलतो ती वाक्यं माझ्या एका शिंकेत मावतील. पण त्याचं नाव एकट्या त्या ओळीवर नव्हतं, आत्या. जुन्या सगळ्या ओळींवर होतं, तो शाळेत होता तेव्हा लिहिलेल्यांवरसुद्धा. कारण काही वर्षांपूर्वी कंपनीने नोंदी ठेवायची यंत्रणा बदलली. तेव्हा साहेब म्हणाले होते, जुनं कशाला हवंय, आज आहे तेवढं उचल आणि नव्या यंत्रणेत नेऊन ठेव. त्याने आज्ञा पाळली. सगळा प्रोग्राम एका कमिटात उचलून आणला आणि कारणाच्या जागी प्रामाणिकपणे लिहिलं, "सामान आणलं." तेव्हापासून त्याला हमाल म्हणतात. त्याच्या आधीचं सगळं, तू, तुझी पिढी, तुमची भांडणं, एका झटक्यात नाहीसं झालं. जगाचा आरंभ हमालापासून! म्हणजे घर बदलताना ज्याने कपाट खांद्यावर घेतलं, तोच आता सुतार ठरला, आणि कपाटाचं दार अध्यक्षांच्या नाकावर आपटलं म्हणून त्याच्यावर चौकशी.

त्याला घरी बसवलं. बसवलं म्हणजे तो घरी बसला नाही, कारण घरी सांगायचा धीर झाला नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि ऑफिसच्या मागच्या बागेत, कारंज्याजवळच्या बाकावर बसायचा. मी खिडकीतून बघायचे. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली की तो तिथे बरोबर डबा उघडायचा, आणि सुट्टी संपली की बंद करायचा. हे बघून जिचं रक्त उसळणार नाही ती तुझी भाची नव्हे.

मी इतिहास पोटभर वाचलाय. नवा राजा आला की आधी जुन्या राजाचं नाव दगडांवरून खरवडून काढतो, हे मी देशोदेशीचं वाचलंय. ग्रंथालयं जाळणारे वाचलेत, पुतळ्यांची डोकी बदलणारे वाचलेत. पण आमच्या साहेबांइतका आळशी राजा मला कुठल्याच ग्रंथात भेटला नाही. या माणसाने खरवडलंसुद्धा नाही, नुसतं सोबत न्यायचं टाळलं! चौकशी समितीसमोर मी हेच बोलले. समिती म्हणजे साहेब, एचआरच्या बाई आणि एक वकील, जो संपूर्ण वेळ पेनाचं टोपण शोधत होता. मी सांगितलं की जो भूतकाळ तुम्हीच फेकून दिलात त्याचं पाप हमालावर फोडताय, ही चोरी नाही तर काय? मी अशा रंगात आले होते की वकिलाने टोपण शोधणं थांबवलं. आणि मी "अंधार" या शब्दापर्यंत पोचण्याच्या बऱ्याच आधी दिवे गेले.

कारण आमच्या इमारतीतही तोच प्रोग्राम आहे, आत्या! आणि इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही! दर लांबलेल्या बैठकीत दिवे जायचे, लोक म्हणायचे चला, जुनी वायरिंग आहे, आणि उठायचे. दोन वेळा सगळ्या मजल्यांची वायरिंग बदलून झाली. आमच्याकडच्या बैठका थोडक्यात आटोपतात म्हणून कंपनीला कुठलासा पुरस्कारही मिळालाय, तो साहेबांच्या खोलीत टांगलाय. त्या काळोखात मी म्हटलं, "आता सांगा, ही ओळ हमालाच्या आधीपासून इथे आहे की नाही?" एचआर बाई म्हणाल्या, "तोंडाने सांगून चालत नाही. शुक्रवारपर्यंत जुना इतिहास आणून दाखवा."

जुन्या नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या, तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळे रोज त्याच्यावर कप ठेवत होते. तो कॉफीच्या मशीनखाली होता. त्याची उंची बरोबर होती, म्हणून कुणीतरी त्याला टेबल केलेलं. मी कॉफीचं मशीन हलवायला लावलं आणि अख्खं ऑफिस उठलं. इतिहासासाठी एवढे लोक एकत्र आलेले मी कधी पाहिले नाहीत, फक्त ते विरुद्ध बाजूला होते. शेवटी मशीन एचआर बाईंच्या कपाटावर नेऊन ठेवलं, तेव्हा शांतता झाली. (बाईंच्या फायलींवर आता गोल गोल डाग पडतात. त्या माझ्याशी बोलताना दात न उघडता बोलतात. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.)

सर्व्हरचं बटण दाबल्यावर आतून असा आवाज आला जसा एखादा म्हातारा वक्ता घसा साफ करतो. मला एकदम आपलेपणा वाटला. आत सगळं होतं! पण त्याच्या घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली. दर वेळी बंद करून चालू केला की त्याला आपण आत्ताच जन्मलो असं वाटायचं, आणि पुढच्या नोंदींवर तीच बालपणीची तारीख पडायची. त्यामुळे चूक दुरुस्त करणारं कमिट आधी आणि चूक करणारं कित्येक वर्षांनी, असं तारखांवरून दिसत होतं. मी म्हटलं, अशी सोय माणसांत असती तर! पण बागेतून हमालाने फोनवर सांगितलं, "ताई, तारखा सोडा. क्रमांकाने लावा. घड्याळ चुकतं, पण तिसऱ्याच्या आधी चौथा येत नाही." (त्याने एका दमात एवढं बोललेलं मी प्रथमच ऐकलं. ऑफिसात येण्याची बंदी होती, बोलण्याची नव्हती.)

आता जुना इतिहास आणि नवा इतिहास एकत्र करायचा. इथे माझ्याकडून जे झालं त्याला मी चूक म्हणणार नाही, मी त्याला निष्ठेचा अतिरेक म्हणते. मी दोन्ही रेपो घेतले आणि सरळ मर्ज केले, म्हणजे एकमेकांत मिसळले. यंत्राने लगेच हात वर केले, की या दोघांचं एकाही फाइलीत जुळत नाही, कुणाचं ऐकू? आणि आत्या, आयुष्यभर मी ज्या तत्त्वासाठी भांडले, ते तत्त्व मी त्याला सांगितलं: जिथे मतभेद असेल तिथे जुन्याचं ऐक. यंत्र आज्ञाधारक. त्याने सगळीकडे जुन्याचं ऐकलं. आमच्याकडे अशी सोय आहे की रेपोत जे ताजं असेल ते आपोआप आमच्या स्वतःच्या इमारतीत चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तेव्हा इमारत भूतकाळात गेलेली होती.

तिला वाटत होतं आपण अजून तुझ्या वेळची दुमजली इमारत आहोत. खालचे दोन मजले लख्ख. त्याच्या वर काही आहे यावरच तिचा विश्वास नव्हता. साहेबांच्या खोलीतलं बटण दाबलं की शौचालयाचा पंखा फिरायचा, आणि शौचालयातलं दाबलं की काहीच नाही. टाइपिस्टच्या खोलीचं दार उघडायची ती सारखी खटपट करत होती, तिथे आता नुसती भिंत आहे. साहेब पाचव्या मजल्यावर अंधारात बसून माझं नाव घेत होते, ते जिन्यातून खालपर्यंत ऐकू येत होतं.

हमाल म्हणाला, "ताई, मर्ज नका करू, जोडा. नव्याचं पहिलं कमिट आहे ना, माझं, सामान आणलं ते? त्याच्या मागे जुन्याचं शेवटचं कमिट लावा. आतलं एक अक्षर बदलायचं नाही. फक्त पोराला बापाचं नाव द्यायचं." आईचं का नाही, यावर मी त्याच्याशी थोडा वेळ वाद घातला. मग आईचं नाव दिलं. आणि जोडलं गेलं, आत्या! सगळ्यांना रेपोची नवी प्रत घ्यावी लागली, त्यावरून पुन्हा शिव्या खाल्ल्या, पण इमारत वर्तमानात आली आणि तिला पहिल्यांदाच आपलं बालपण आठवायला लागलं.

तेवढ्यात एचआर बाईंनी नवी अट काढली. जुन्या नोंदींत तुम्ही लोकांनी खरी नावं लिहिलीच नव्हती. खडूस, दुसरा खडूस, चहा, रडका, घार! बाई म्हणाल्या, टोपणनावांवर चौकशी चालत नाही, प्रत्येकामागचा खरा माणूस दाखवा, आणि त्यांतली एक जरी थाप निघाली तर सगळाच इतिहास थाप धरू आणि हमालाला कायमचं घरी पाठवू. मी आईला, तिच्या मैत्रिणीला, जुन्या पहारेकऱ्याला, सगळ्यांना फोन केले. दोन्ही खडूस सापडले, दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. चहा सापडला, तो आता चहा पीत नाही. रडका शोधावा लागला नाही, तो स्वतःच मला भेटायला आला.

आत्या, रडका म्हणजे आमचे साहेब! तुझ्या हाताखाली शिकाऊ होते म्हणे. त्यांच्या नोंदी मी वाचल्या. "माफ करा, पुन्हा बिघडलं." त्याच्यानंतर, "माफ करा, मागची दुरुस्ती चुकीच्या जागी पडली." त्याच्यानंतर नुसतं, "माफ करा." ज्याच्या एका हाकेवर पाच मजले हलतात तो माणूस माझ्या टेबलाशी वाकून कुजबुजत होता, की तेवढं एक नाव बदलता येईल का. मी म्हटलं, नाही. निदान "शिकाऊ"? नाही. अक्षर पुसट करता येतं का? मी त्यांना तिथेच उभं करून सांगितलं की इतिहास ही कुणाची खासगी इस्त्री केलेली विजार नव्हे, की घडी आवडली नाही म्हणून पुन्हा मोडावी! जे झालं ते झालं म्हणून लिहायचं, मग ते लाजिरवाणं असो की मरणाचं! एक काना नाही, एक मात्रा नाही! शेजारची टेबलं उठून बघायला लागली तसे साहेब निघून गेले. पण जाता जाता म्हणाले, "अगदी तिच्यासारखी बोलतेस." कुणासारखी, ते त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी समितीसमोर पडद्यावर ती ओळ दाखवली आणि ब्लेम चालवलं. या वेळी हमालाचं नाव आलं नाही. तिथे होतं: घार. आणि खाली कारण, तुझ्या शब्दांत: "तास उलटला की दिवे बंद. ज्यांना आणखी बोलायचंय त्यांनी अंधारात बोलावं. आक्षेप असेल तर उभ्याने सांगा." वकील मोठ्याने हसला आणि मग हसला नाही असं दाखवायला खोकला. हमाल निर्दोष सुटला. मी खिडकीतून हात केला, तसा तो बाकावरून उठला, डबा घेतला आणि ऑफिसात येऊन आपल्या टेबलावर बसला.  दुपारी स्वतः उठून माझ्यासाठी कॉफी घेऊन आला, एचआर बाईंच्या कपाटावरून.

तर असा सत्याचा विजय झाला. एक काना इकडचा तिकडे न करता. तुझी शिकवण मी विसरले नाही, हे सांगायला हे पत्र. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. आतोबांना नमस्कार सांगितलाच आहे.

तुझी,
बोलभांड भाची

ता. क. घार कोण, हे समितीला मी काय सांगितलं, ते वर लिहायचं राहिलं. आतोबा, ती खुर्चीत आहे ना? साहेबांनी नाव बघताच ओळखलं. म्हणाले, ही तर तुझी आत्या! फोन लाव तिला, ती ओळ लिहिणारी व्यक्ती अध्यक्षांना समोर हवी आहे, तिने येऊन एकदा "चुकलं" म्हटलं की मिटलं. आत्या, तुझ्या तोंडून "चुकलं" हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. मला डोळ्यांसमोर दिसलं की तू येणार, अध्यक्षांना ते किती वेळ बोलत होते ते विचारणार, आणि म्हणणार की दिवे आधीच जायला हवे होते. संस्था हातची गेली असती आणि तिच्यामागोमाग हमाल. म्हणून मी बोलायला उभी राहिले. सुरुवात केली, "जिने या प्रोग्रामला डोळे दिले, जिने या कंपनीला कणा दिला, जिच्या एका नजरेने चुका आपणहून बाहेर येत, ती बाई आज..." आणि आत्या, वाक्य एवढं उंच चढलं होतं की ते खाली उतरवायला मला तुझ्या मृत्यूशिवाय दुसरं काही सापडलं नाही. तुला फार त्रास झाला नाही. झोपेत गेलीस.

ता. क. दुसरा. मेलेल्या बाईवर चिडून राहणं अध्यक्षांनाही जमलं नाही. त्यांनी दुःखाचा संदेश पाठवला, चांगला लांबलचक. त्यांच्या नोकरवर्गाने वेगळं, गुपचूप कळवलंय की ती ओळ कृपा करून काढू नका. काल ऑफिसात तुझी शोकसभा झाली. बोलायला अर्थातच मी होते. तू असायला हवी होतीस. दोन्ही खडूस आले होते, लांब लांब बसले, पण दोघांनी एकाच वेळी रुमाल काढले. तास उलटला आणि दिवे गेले. कुणी जागचं हललं नाही. सगळे अंधारात उभे राहिले, आणि साहेबांचा आवाज आला, "आल्या." मी भाषण तिथेच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ता. क. तिसरा, आणि या पत्राचं खरं काम. येत्या रविवारी संध्याकाळी साहेब आणि एचआर बाई तुमच्याकडे आतोबांचं सांत्वन करायला येणार आहेत. मी नको म्हणून एक संपूर्ण भाषण केलं, चाललं नाही. आतोबा, तुम्ही फार बोलू नका, तुम्हाला ते एरवीही करायला मिळत नाही. खिडकीकडे बघत बसा. आत्याच्या चपला, चष्मा, डोळ्यांच्या थेंबांची बाटली आत ठेवा. एचआर बाई सगळं बघतात. त्यांना तू दिसलीस, आत्या, तर त्या एक थाप सापडली म्हणून सगळा इतिहास थाप ठरवतील, हमालाला पुन्हा बाकावर बसवतील आणि मला त्याच्या शेजारी. तेव्हा तू तेवढा वेळ आतल्या खोलीत, दार लावून. खोकू नकोस. आतोबा काही चुकीचं बोलले तरी आतून दुरुस्त करू नकोस.

ता. क. शेवटचा. एक गोष्ट सांगावी की नाही ठरत नव्हतं. जुन्या नोंदींत, रडक्याच्या सगळ्या "माफ करा" नंतर, एक तुझी नोंद आहे: "रडक्याचं काम तपासलं. उत्तम आहे. त्याला सांगू नका, बिघडेल." साहेबांनी ती गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचली. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की तू त्यांना निरुपयोगी समजायचीस. शोकसभेनंतर ते माझ्या टेबलाशी आले आणि रडले, टोपणनाव सार्थ करत. त्यांना रविवारी आतोबांना तेच सांगायचंय, जे तुला सांगायचं राहून गेलं. ते ऐकायला तूच हवीस, आणि तू नाहीस हे मीच ठरवून बसले आहे. म्हणून दाराला कान लावून ऐक. आणि राहवलंच नाही, तर ये बाहेर. घार तू आहेस, ओळ तू लिहिलीस, यांत एक काना खोटा नाही. फक्त तुझा मृत्यू हे माझं एक चुकीचं कमिट आहे, आणि ते मागे घेता येतं, नोंद तेवढी राहते. हमालाला मी विचारलं. तो म्हणाला, "येऊ द्या त्यांना बाहेर, ताई. बाक आता ओळखीचा आहे." मग मीही रविवारी साहेबांसोबत येईन आणि जे काय व्हायचं त्याला तोंड देईन. दोन्ही भाषणं लिहून तयार आहेत, एक तू नसल्याचं आणि एक तू असल्याचं. दुसरं जास्त चांगलं झालंय. फक्त ते तासाभरात संपत नाही.